अजमेरच्या लेफ्ट-इनला तिळगूळ

जयपूर, २७ जानेवारी १९५९

रा. रा. प्रभाकरराव यांस श्रीपादचा सप्रेम नमस्कार. वहिनींचा दमा या थंडीत आटोक्यात असेल, अशी आशा करतो. इकडे आमच्या प्रकृती ठीक आहेत. बाकी ठीक म्हणावं असं काही उरलेलं नाही.

मी इथल्या कॉलेजच्या हॉकी सामन्यांचा पंच आहे, हे तुम्ही जाणताच. (कॉलेजात मी पहिलं पाऊल टाकलं तेच शिट्टी घेऊन. विमा कचेरी सांभाळून नियमावली पाठ केली. इथले प्रोफेसर अजून 'पाहून सांगतो' म्हणतात.) तर प्रिन्सिपॉलसाहेबांचं फर्मान निघालं आहे: आठ फेब्रुवारीच्या शेवटच्या सामन्याला दोनशे प्रेक्षक जमले नाहीत, तर हॉकी बंद आणि मैदानावर टेनिस. टेनिसचा पंच उंच खुर्चीवर बसून राहतो. मी धावणारा माणूस आहे.

दोनशे आणायचे कुठून? शहरातलं दुसरं कॉलेज समोर असलं की आठशे बारा (सामन्याआधी मोजले, मध्यंतराला पुन्हा मोजले), कारण त्यांना शिव्या घालायला सगळ्यांनाच आवडतं. अलवरवाले आले तेव्हा एकोणीस, आणि त्यांतले चार निव्वळ ऊन खायला आलेले! संघ तोच, गोलकीपर तोच, पंच तोच. अशांच्या तोंडी कॉलेजच्या अभिमानाची भाषा!

परवा रविवारी अजमेरचा संघ यायचा होता, म्हणून मी एक युक्ती केली. इथल्या आपल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू मैदानाच्या कडेला घ्यायला तारामतीबाईंना (मंडळाच्या अध्यक्ष, हॉकीत किती गडी असतात ते त्यांना विचारू नये) राजी केलं. बायका आल्या, नवऱ्यांनाही घेऊन आल्या, आणि मैदानाकडे पाठ करून बसल्या. माझी हरकत नव्हती. पाठीही मोजता येतात. पण सहाव्या मिनिटाला अजमेरचा लेफ्ट-इन (पुढच्या फळीतला डावीकडचा गडी) चक्क मराठीत ओरडला, "अरे, इकडे दे की!" त्यासरशी चौसष्ट पाठी वळल्या. इंदुबाईंनी रेषेवरूनच चौकशी केली, "कुणाचा रे तू?" त्यानेही चेंडू सोडून सांगितलं, "रेल्वेतल्या आनंदरावांचा. दिलीप." झालं! मग "दिलीप, मार!" याखेरीज काही ऐकू येईना. मी त्याला ऑफसाइड दिला, तर पहिली कडाडली तुमची भगिनी: "अहो, परक्या गावात पोराला काय अडवता!" मध्यंतराला त्याला मूठभर तिळगूळ, आमच्या पोरांना (ज्यांत एकही मराठी नाही) रिकामा डबा. चार-शून्य हरलो. नागपूरकर मंडळी मात्र, मुलगा मूळचा पुण्याकडचा हे कळताच तोंडं वाकडी करून उठून गेली. तरी एकशे एक्केचाळीस उरले. प्रिन्सिपॉल खूश: "वाह श्रीपादजी, क्या रौनक है!" आपण हरलो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

अशा लोकांत नियम पाळून दिवस काढतो आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
श्रीपाद

ता. क.: आठ तारखेला येणारा संघ आता येत नाही म्हणतो. तुम्ही ग्वाल्हेरच्या कॉलेजात खेळ शिकवता, तर तुमचा संघ धाडा. खेळ कसाही चालेल. मराठी मुलगे तीन हवेत: एक पुण्याकडचा, एक नागपूरचा, एक कोल्हापूरचा. तिघेही पुढच्या फळीत ठेवा; मागे उभ्या पोराला कोण विचारतो?

पुन्हा ता. क.: साताऱ्याचा एखादा असला (आमचं गाव, विसरला नसाल) तर आधी तारेने कळवा. त्या दिवसापुरता दुसरा पंच गाठतो. तोंडात शिट्टी असली की ओरडता येत नाही.