अकरा अक्षरे, नऊ ठिपके

४ ऑक्टोबर, शनिवार

कॉम्प्युटर उघडत नाही!

दसऱ्याची सुट्टी संपली, आज दुकान उघडले. टीना खुर्चीवर बसली, पासवर्ड टाकला. चुकीचा! पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा! दुपारपर्यंत बावीस वेळा. मी मोजत होतो. झेरॉक्स मशीनजवळून सगळे दिसते.

पासवर्ड तिनेच ठेवलेला. मालक चंद्रकुमारभाऊ तिला नवमीच्या दिवशी म्हणाले होते, "सुट्टीत कोनी हात नाई लावला पायजे. कुलूप लावून ठेव." तिने ठेवला आणि भाऊंना मोठ्याने सांगितलाही. वैनगंगा, इंग्रजीत, लहान अक्षरे, पुढे दोनदा नऊ. मीही ऐकला होता.

"हाच होता भाऊ. देवाशपथ हाच."

"मंग उघडत काहून नाई?"

आत दहा वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. आणि दिघोरीच्या मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकाचे पोस्टर— नटांचे फोटो, मंडळाची नावे, सगळे लावून तयार. दिवाळीआधी छापून द्यायचे आहे.

मला आतून बरे वाटले. इथे खोटे कशाला लिहू?

५ ऑक्टोबर, रविवार

गणपतीपर्यंत ती खुर्ची माझी होती. सहा वर्षे! मग टीना आली. ती बी.कॉम., मी दहावी नापास, गणितात दोनदा. भाऊ गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "परवीन, तू झेरॉक्सवर उभा राह्य. शिकलेला मानूस भेटला आपल्याले." त्याच आठवड्यात शिकलेल्या माणसाने पत्रिकेवर 'शुभाशिर्वाद' छापले. मी लाल पेनाने गोल केला. कोणी बघितले नाही.

माझे नाव प्रवीण. आधार कार्डावर प्रविण आहे. तेही कोणी बघत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

साकोलीचा कॉम्प्युटरवाला येऊन गेला. म्हणाला, "साफ करून देतो, पन आतलं काही शाबूत राहीन याची ग्यारंटी नाई."

भाऊ म्हणाले, "मंग रिकामा डबा काय आरती कराले ठेवू?"

मीच सुचवले— हिला स्पेलिंग आठवत नसेल, कागदावर लिहून घ्या. टीनाने चौदा तऱ्हेने वैनगंगा लिहिली. भाऊ एकेक मोठ्याने वाचायचे, ती टाकायची, गिऱ्हाईक हसायचे. आधारची झेरॉक्स काढायला आलेल्या सत्यभामाबाई म्हणाल्या, "पोरी, तुमचं गाव ज्या नदीत बुडालं, तिचं नाव नाई येत वं तुले?"

सगळे हसले. मीही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात टीनाचे गाव गेले, तेव्हा ती पाचवीत होती. मग तिचे वडील सुखराम इथे सानगडीला नातेवाइकांजवळ येऊन राहिले. पासवर्ड वैनगंगा काहून ठेवला, हे तिला कोणी विचारले नाही. मी विचारणार होतो. राहून गेले.

चौदाही चुकीचे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज भाऊंनी सुखरामला दुकानात बोलावले.

"तुह्या पोरीनं मुद्दाम केलं हे. दुसऱ्या दुकानात लागाचं असन तिले. जाता जाता माह्या धंद्याले कुलूप लावून चालली."

सुखराम टोपी हातात घेऊन उभा. "टीना, सांगून दे ना माय. काहून त्रास देतं मालकाले?"

"बाबा, जो होता तोच सांगितला मी."

"मंग हे डबं खोटं बोलते का?" भाऊ म्हणाले.

सुखरामने हात उचलला. लग्नाचे नमुने बघायला आलेली माणसे बसली होती, त्यांच्यासमोर. आवाज मोठा आला. टीना रडली नाही. कीबोर्डवर वाकली आणि पुन्हा तेच टाकले. गालावर बोटे उमटलेली आणि हात त्याच अक्षरांवरून फिरत होते— सावकाश, एकेक अक्षर ओठांनी म्हणत.

चुकीचा.

"उठ तिथून," भाऊ म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

जाताना सुखराम मला म्हणाला, "तू तरी समजावून सांग ना बाबू तिले." मी मान हलवली.

८ ऑक्टोबर, बुधवार

सापडले.

भाऊ भंडाऱ्याला गेले होते. दुकानात मी एकटा. आमची विंडोज जुनी आहे, टाकलेले अक्षर दाखवत नाही, नुसते काळे ठिपके येतात. मी टीनाचाच पासवर्ड टाकला, एकेक अक्षर, टिचकी मारत. मग ठिपके मोजले. मला मोजायची सवयच आहे. नऊ.

पुन्हा टाकला. पुन्हा नऊ.

पाहिजेत अकरा!

वैनगंगेत 'एन' दोनदा येतो. एन दाबला— ठिपका नाही. जोरात दाबला— नाही. पिनेने ते बटण उचकटले. खाली लाल चिखल, वाळून गुळासारखा घट्ट झालेला. कुंकू आणि नारळाचे पाणी! दसऱ्याला भाऊंच्या घरच्या, सुशीलावहिनी, दुकानात पूजेला आल्या होत्या. प्रिंटर, लॅमिनेशन, कॉम्प्युटर— सगळ्यांना हळदकुंकू, फूल, आपट्याचे पान. मी दाराला तोरण बांधत होतो. नारळ फोडून पाणी शिंपडले असेल, दरवर्षी शिंपडतात. यंदा ते कीबोर्डवर पडले.

कापसाने स्पिरिट लावून पुसले. बटण बसवले. टाकले— अकरा ठिपके. उघडला!

पोस्टर जागेवर होते. फोटो, नावे, सगळे.

पोरीचा पासवर्ड बरोबर होता. पहिल्या दिवसापासून. बावीसच्या बावीस वेळा.

अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसलो. खुर्ची तिने उंच करून घेतली होती. मी खाली केली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

"कसा उघडला बे?"

रात्रभर एक वाक्य तयार करून ठेवले होते— भाऊ, तिची चूक नव्हती. ते आले नाही. आले ते हे: "तिने दुसराच टाकला होता. मी अंदाजाने शोधला."

भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. तिथेच सुखरामला फोन लावला, स्पीकरवर. "पाह्य, दहावी नापास पोट्ट्यानं पकडली तुह्या बी.कॉम.ची चोरी!"

पलीकडून सुखराम म्हणाला, "माफ करा मालक."

दिवसभर मी खुर्चीवर. पोस्टरमध्ये सहा चुका निघाल्या. दुरुस्त केल्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

टीना आली होती, तिचा जेवणाचा डबा राहिला होता तो न्यायला. भाऊ जेवायला गेलेले. डबा घेतला तरी जाईना.

"परवीनभाऊ, कोनता होता?"

"काय?"

"पासवर्ड. जो तुमाले सापडला तो."

मी पत्रिकेत मान घातली. म्हणालो, "आता काय करायचंय तुला?"

"मले नोकरी नाई पायजे. फकस्त सांगा. मी काय टाकलं होतं ते मलेच आठवत नाई. आता घरी चूल बंद केली का नाई, तेही तीनदा पाहा लागते. बाबाले वाटते मी खोटी हाय. मले वाटते मी पागल झाली." हसायला बघत होती. "तुमी सांगितलं तं एक गोष्ट तं पक्की होईन ना."

स्क्रीन तिच्यापासून दोन हातांवर होती. दुकानात कोणी नव्हते. लॉक करून तिच्यासमोर पुन्हा टाकायला दहा सेकंद लागले असते.

"लक्षात नाही," मी म्हणालो. "तेव्हाच बदलला."

"असं का," ती म्हणाली. "बरं."

दारात थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "पोस्टर चांगलं झालं भाऊ."

बदललेला नाही. अजून तोच आहे. रोज सकाळी मी तोच टाकतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

भाऊंनी नवीन कीबोर्ड आणला. म्हणाले, "आमच्या हिनं दसऱ्याले जुन्यावर नारळाचं पानी सांडवलं, तवाच मले समजलं का हे गेलं. चारचौघात बायकोचं नाव कायले घ्याचं? आन् पोट्टीले तं तसंही काढाचंच होतं. हिची भाची येऊन राहिली उद्या, डिंपल. पासवर्ड देऊन दे तिले, आन् तू झेरॉक्स पाह्य."

मी उभा राहिलो.

"तुले समजलं होतं ना? तरी बोलला नाई." खुर्चीचा दांडा ओढून त्यांनी ती पुन्हा उंच केली. "असाच राह्य."