पायरीवर नसलेला पाय

ढोकी,
१२ मे २०२५

ती. दैवशालाअक्कास,

वैजनाथचा नमस्कार. तू आणि दाजी बरे असाल. इकडं तुझी भावजय वर्षाराणी बरी आहे.

यंदा मी हातानं केलेल्या वस्तू सांगतो: न्हाणीत सव्वा इंची पाइपाची दांडी, संडासाबाहेर कठडा, उंबऱ्याला खरबरीत पत्र्याचा उतार आणि दोन्ही हात टेकून उठता येईल अशी खुर्ची. वेल्डिंगचा सांधा कुठंही बोटाला लागत नाही. आई तर राहिली नाही, मग हे कुणासाठी, असं तू फोनवर विचारलंस. मी विषय बदलला.

माझ्यासाठी, अक्का.

मला शुगर आहे हे तुला माहीत आहे. पावलं बधिर झालीत, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत दुकानात शिडीच्या घोड्यावर चढलो, दुसरीच पायरी. पाय पायरीवर आहे अशी माझी खात्री होती. तो नव्हता. पडलो, उठलो, काम पुरं केलं. दोन दिवस त्याच पायावर हिंडलो, फार दुखलंही नाही. वर्षाराणीनं सुजलेला घोटा बघितला. म्हणाली, "जगाचं लोखंड ठोकून आवाज ऐकता, अन् सोताच्या पायाचा न्हाय व्हय?"

हाड मोडलं होतं. धाराशिवला डॉक्टर आरोहीबाईंनी एक्स-रेचा फोटो दाखवला. मी म्हणालो, जाडी तर पुरी दिसतीय. त्या म्हणाल्या, शुगरवाल्यांचं हाड फोटोत भरलेलं दिसतं, पण आतून ठिसूळ झालेलं असतं. मला बीडाचा, ओतीव लोखंडाचा तवा आठवला. चांगला जाडजूड, पण हातातून पडला की दोन तुकडे.

परवा दुसरा फोटो काढला. अक्का, तडा होता तिथं हाडानं हाड धरलंय. भोवतीनं फुगीर थर, आम्ही वेल्डिंगचा चढवतो तसाच. ना रॉड, ना करंट, ना कारागीर. मी झोपेत असताना, घरात चिडचिड करत असतानाही आत काम चालूच होतं. असा सांधा मला आजवर जमला नाही. फोटो उन्हात धरून कितीतरी वेळ उभा होतो, एक हात कठड्याला.

तुलाही शुगर आहे. तळवे रोज दाजींना दाखवत जा. न्हाणीची भिंत मोजून कळव, दांडी करून आणतो.

काल ठेकेदार शिवानंद येऊन गेला. गाळप संपलंय, कारखान्याच्या धुरांड्याची शिडी बदलायची आहे. ती मीच बसवलेली, तेव्हा वर मीच चढावं असं त्याचं म्हणणं. एक लाख साठ हजार देत होता. नाही म्हणालो.

जमिनीवरचा तुझा भाऊ,
वैजनाथ