तुझी पडद्यावरची लेक

आई, मी बॅग घेऊन दारात उभी होते आणि तू टीव्हीतल्या बाईला सांगत होतीस, ‘जा गं बाय, मागं बघू नको.’ मालिकेतली ती सासर सोडून निघाली होती. तुझे डोळे वाहत होते. माझ्याकडे न बघताच तू हात केलास, थांब म्हणून.

मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या आपल्या दोन खोल्यांत मी खोपोलीहून, सासरहून, तिसऱ्यांदा अशी आले होते. आधीच्या दोन्ही वेळा तू मला जेवू घातलंस आणि परतीच्या रिक्षात बसवून दिलंस. ‘पुरुष हाय, उचलतो हात कधी. तू गप ऱ्हा.’ कुठे लागलंय, हे तू विचारलं नाहीस. मालिकेतल्या तिच्या कपाळावर रंगाने काढलेली खोक दिसली तेव्हा मात्र ओरडलीस, ‘अरं, हळद तरी लावा रं कुणी!’

जाहिराती लागल्या. तुझ्याबरोबर मालिका बघायला आलेल्या शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘आता हिला कधी पोचवतेस?’

‘नाय पोचवत. ती नाय का निघाली?’

‘अगं, तिला लिहून देतात! उद्या बंगला मिळंल तिला. हिला कोण हाय?’

‘हिला मी हाय.’

तू बॅग आत घेतलीस. मला रडू आलं, आणि ते सुटल्याचं नव्हतं. ‘मला सासरी राहायचं नाही,’ असं ती म्हणाली तेव्हा तुला हुंदका फुटला होता. हेच वाक्य मी तुला दोनदा ऐकवलं होतं, तुझ्या पायाशी बसून. तेव्हा तू भाकरी थापत राहिलीस.

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता कर्जतला मराठी शिकवते. शब्दांनी माणूस बदलतो, असं मुलांना सांगते. कुणाच्या शब्दांनी, ते सांगत नाही. परवा ती नटी मोबाइलवर गुडघ्याचं तेल विकताना दिसली. थकली आहे. मला बरं वाटलं. हे पत्र कुठेच पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: तिने मला वाचवलं हे मला कळतं, आणि तेच मला सहन होत नाही.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या सासरी फोन लावलास. मालिकेतली ती आदल्या संध्याकाळी जे बोलली होती ते सगळं बोललीस, एक शब्द न गाळता. मग फोन ठेवून मला विचारलंस, ‘जमलं का गं तिच्यासारखं?’

मी हो म्हणाले.