उभ्या गटाला एक स्टूल

प्रति,
मा. संचालक साहेब,
मांजराकाठ शिराविकार संशोधन केंद्र, लातूर.

विषय : मुख्य दरवाजावरील पहाऱ्यासाठी एक स्टूल मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा याच विषयाचा मागील अर्ज व त्यावरून झालेली पायांची तपासणी.

महोदय,

सविनय अर्ज करण्यात येतो की, अर्जदार नीलाबाई सुदाम सूर्यवंशी, मूळ रा. देवणी, या आपल्या केंद्राच्या दरवाजावर पहारेकरी आहेत. पहारेकऱ्याने उभेच राहावे असा नियम असल्याने त्यांच्या पायांच्या शिरा फुगून गाठी आल्या. "साहेब, पाय लई ठणकायलेत, एक स्टूल द्या," एवढेच त्यांचे मागणे होते.

त्यावर संशोधक डॉ. दयानंद साहेब खुद्द दरवाजावर आले. गुडघे टेकून त्यांनी शिरा दाबून पाहिल्या आणि ते फार खूश झाले. अर्जदाराला वाटले, देव पावला. साहेबांनी त्यांचे नाव "उभा गट" यात घातले. उभे राहून शिरा कशा बिघडतात हेच पाहायचे असल्याने स्टूल दिले तर अभ्यास नासेल, आणि औषध दिले तर जास्तच नासेल, असे समजावून सांगण्यात आले. नोंदणी खिडकीवरील शीलाबाई "बसा गट" यात आहेत. त्यांना काहीही होत नाही, हे त्या खुर्चीत बसून सांगतात.

पुढे घोट्याजवळ जखम झाली, ती भरेना. तिचा फोटो नांदेडच्या परिषदेत पहिला आला. साहेबांनी पेढे वाटले. अर्जदारालाही एक मिळाला, तो त्यांनी उभ्यानेच खाल्ला. महोदय, त्यांना तेव्हा भयंकर संताप आला होता, परंतु पेढा चांगला होता, हेही नमूद करणे भाग आहे.

आता संशोधन पुरे होऊन, फार वेळ उभे राहणे वाईट, असे सिद्ध झाले आहे. अर्जदाराने हुरूप येऊन पुन्हा स्टूल मागितले. तेव्हा असल्या पायांची बाई पहाऱ्याच्या कामाची नाही, असे सांगून त्यांना येत्या महिन्यापासून कमी करण्यात आले. त्यांच्या जागी, मेहेरबानी म्हणून, त्यांची मुलगी शिल्पा हिला घेतले आहे.

काल दयानंद साहेबांनी शिल्पाच्या पोटऱ्या टेपने मोजल्या. हा आजार आईकडून लेकीत उतरतो काय, हे त्यांना आता पाहायचे आहे. "अगदी सुरुवातीपासून बघायला मिळतंय," असे ते म्हणाले.

तरी विनंती की, अर्जदाराच्या पायांचे जे झाले ते झाले, त्याबद्दल तक्रार नाही. स्टूल मात्र शिल्पाला द्यावे. तेही जमत नसल्यास तिला बसा गटात घालावे.

आपली नम्र व अद्याप उभी,
नीलाबाई सुदाम सूर्यवंशी
लातूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : शिल्पाच्या दोन्ही पायांचे आजचे फोटो. पाहून परत मिळावेत, घरी जपून ठेवायचे आहेत.