तिच्या आईचं एक वाक्य

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आज तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, ते मी माती खाल्ली म्हणून. अंबाडी नाक्याच्या पुढे आत वळलं की एक गाव लागतं. कॉलेजात माझ्या वर्गात होती ती मुलगी तिथली. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, आता काल्हेरला गोडाऊनमध्ये ड्युटी करतो, पण ती काही सुटली नाही. म्हणजे माझ्याकडून सुटली नाही, तिने कधी धरलंच नव्हतं. तिच्या गावामागच्या डोंगरात बॅटरीला लागणारा धातू आहे म्हणे. कंपनीने तपासणीसाठी नुसती भोकं पाडली आणि तेव्हापासून गावाचा झरा गढूळ येतोय. खाण तर अजून व्हायची आहे.

त्यावर जनसुनावणी लागली. गावाने आधीच ठरवलं होतं की कुणी आवाज चढवायचा नाही. एकेकाने उठायचं, नाव सांगायचं, आपलं एक वाक्य बोलायचं, सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी ते लिहून घेतलंय हे आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि बसायचं. मागे पलीकडच्या गावाच्या सुनावणीत आरडाओरडा झाला होता, तर कागदावर फक्त 'गोंधळ झाला' एवढंच उतरलं. हरकतीच्या अर्जांच्या झेरॉक्स मीच भिवंडीहून नेऊन द्यायचो. मी त्यांच्या चुलीपाशी चहा पीत बसायचो आणि तिची आई भाकरी थापता थापता आपलं वाक्य घोकायची, "सायेब, झरा गेला तर आमी पानी कुठनं भरू, त्येवढं लिवून द्या." मध्येच अडली की स्वतःच हसायची, पुन्हा पहिल्यापासून. त्या बाईने आयुष्यात चार माणसांपुढे तोंड उघडलेलं नव्हतं. मुलीने मला बजावलं होतं, ये, पण मागे उभा राहा, तू गावचा नाहीस.

मी मागेच उभा होतो, बाबा. शाळेच्या पडवीत टेबल मांडलेलं, चार-पाच जणांचं बोलून झालेलं, सगळं शिस्तीत चाललेलं. तेवढ्यात कंपनीच्या साहेबाने अंगणाकडे बोट केलं. ती बॅटरीची स्कूटर कुणाची, म्हणे. माझी, म्हटलं. तो गोड हसला. "मग दादा, तिच्यातला धातू कुठून यावा? दुसऱ्याच्या डोंगरातून?" लोक हसले. आपलेही हसले. तीसुद्धा खाली बघून हसली, असं मला वाटलं.

आणि प्रश्न खोटा नव्हता, हेच डोक्यात गेलं. ती स्कूटर मी तुमच्यामुळे घेतली. लूमवरचा कापूस छातीत भरून तुम्ही खोकत होतात, त्यात रस्त्याचा धूर. धूर न सोडणारी गाडी मला हवीच होती, अजूनही हवी आहे. पण ज्यांच्या डोंगरातून तिचा धातू येणार त्यांना आधी नीट विचारा, पाण्याचं काय ते सांगा, एवढंच बोललो असतो तरी चाललं असतं. ते आज सुचतंय. तेव्हा मी पुढे जाऊन माईक हिसकावला. काय बोललो आठवत नाही, शिवी होती एवढं नक्की. टेबल कलंडलं, पाण्याचा जग नोंदीच्या वहीवर उपडा झाला, पोलीस आले. गोंधळामुळे सुनावणी संपली असं सरकारी साहेबाने जाहीर केलं. पुढचा नंबर तिच्या आईचा होता. ती उठून उभी राहिली होती, पदर सावरून. तशीच उभी राहिली.

मी सहावीत असताना तुमचा डबा घेऊन कारखान्यात आलो होतो, ते आठवतं? चालू लूमवर सुताची एक तार तुटलेली दिसली आणि मला येतं हे दाखवायला मी हात घातला. एका तारेच्या जागी बोटभर रुंद तारांचा पट्टाच तुटला. तुम्ही मारलं नाहीत. लूम बंद केलात आणि म्हणालात, "आदी मशीन थांबव, मग हात घाल. तार तुटलेली सगल्यांनाच दिसते." मग दुपारभर एकेक तार गाठत बसलात, मला शेजारी उभं करून. डबा तसाच राहिला. मारलं असतंत तर बरं झालं असतं.

आता गाव पुन्हा सुनावणी मागतंय. कचेरीतला माणूस म्हणतो, झाली की एकदा. माझ्या झेरॉक्सही आता कुणी घेत नाही. मी माफी मागायला गेलो तेव्हा ती उंबऱ्यातच उभी राहिली. "आई अजून भाकरी थापताना ते वाक्य म्हणते," ती म्हणाली. "तोंडात बसलंय." आणि दार लोटून घेतलं.

हे मी हरकतीच्या एका कोऱ्या अर्जाच्या पाठीमागे लिहिलंय. तुम्हाला पोचणार नाही, तिला दाखवायची हिंमत नाही, म्हणून घडी करून स्कूटरच्या डिकीत ठेवेन. गावात मी सगळ्यांना सांगितलं की कंपनीच्या साहेबाच्या बोलण्याने माझं डोकं फिरलं. तुम्हाला खरं सांगतो. माईक हातात आला तेव्हा मी साहेबाकडे बघतच नव्हतो. ती माझ्याकडे बघतेय का, ते बघत होतो.