कॅलिब्रेटेड कान

शुक्रवार, २६ सप्टेंबर. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. पुढे लोक विचारतील की हे सगळं कसं घडलं, तेव्हा लेखी पुरावा हवा.

मंडळाच्या ऑनलाइन रेडिओचा यंदा पहिल्यांदाच 'दिवाळी टॉप टेन' आहे. बहारीनमधल्या मराठी माणसांनी स्वतः गायलेली गाणी पाठवायची, सभासदांनी मतं द्यायची. पहिलं येणारं गाणं २४ ऑक्टोबरच्या दिवाळी कार्यक्रमात सगळ्यात आधी स्टेजवर. मी माझी स्वरचित बंदिश पाठवणार. हंसध्वनी, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. बावीस वर्षांत मंडळाच्या स्टेजवर एकदाच चढलो, तेही माइक टेस्ट करायला. 'हॅलो हॅलो' छान झालं असं दोघांनी सांगितलं होतं. यंदा पूर्ण गाणार.

प्रतिस्पर्धी एकच. निहार. इथे रिफातच दोन गल्ल्या सोडून राहतो, वय एकवीस. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत चौथा आला आणि केस निळे करून परतला. त्याच्या गाण्याचं नाव 'फराळ मोड ऑन'. हा मुलगा नऊ वर्षांचा असताना तीन महिने माझ्याकडे शिकायला यायचा. तीन महिने त्याच्याकडून फक्त 'सा' घोटून घेतला. 'रे' येण्याआधी पळाला. हल्ली कोणाला पायाच नको.

माझं तसं नाही. तुबलीच्या वर्कशॉपमध्ये मी प्रेशर गेज कॅलिब्रेट करतो. काटा केसभर हलला तरी मला कळतं. कानाचंही तेच. माझी बायको सुनीता लग्नाआधी गायची. लग्नानंतर दोन वर्षं तिचा प्रत्येक चुकलेला सूर मी जागच्या जागी दाखवून दिला. पुढे तिने आपणहून गाणं सोडलं. स्वतःची मर्यादा ओळखायलाही मोठं मन लागतं.

रविवार, २८ सप्टेंबर

'अस्सल संगीत बचाव समिती' स्थापन. अध्यक्ष मी. सदस्य अश्वजित (आमचा टेक्निशियन, नागपूरचा, ढोलकी उत्तम) आणि आर्या (आमची मुलगी, अकरावी). आर्याने 'ओके बाबा, व्हॉटएव्हर' म्हणून पद स्वीकारलं. सुनीताला सल्लागार नेमत होतो. तिला नईम भागातल्या टेलरकडे ब्लाउज शिवायला टाकायचाय, वेळ नाही.

अश्वजित म्हणाला की साहेब, नागपूरला चौदा एप्रिलला आमची अख्खी वस्ती गाते, तिथे कोणी राग विचारत नाही, मग ते अस्सल नाही का. मी त्याला पाऊण तास समजावलं. पटलं असावं. निदान मान हलवत होता.

मंगळवार, ३० सप्टेंबर

रेकॉर्डिंग. एसीचा आवाज येतो म्हणून एसी बंद. दारं-खिडक्या बंद. सातव्या मिनिटाला घामाने बोटं हार्मोनियमवरून घसरायला लागली, नवव्याला डोळ्यांपुढे काजवे. उरलेली दोन मिनिटं चाळीस सेकंद आडवा पडून गायलो. खालचे स्वर उलट जास्त खोल लागले.

सुनीता ब्लाउजच्या मापासाठी नईमला. जेवण दहीभात.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

विश्वासघात पहिला. रेडिओचं काम बघणारी रश्मी म्हणते, गाणं चार मिनिटांच्या आत हवं. मी म्हटलं, हंसध्वनी म्हणजे नूडल्स आहेत का. ती म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा. म्हणजे हा नियम मला बघूनच केलाय.

उपाय सापडला. पहिली चार मिनिटं जशीच्या तशी पाठवली. त्यात आलापच येतो, शब्द पाचव्या मिनिटाला सुरू होतात. काही बिघडत नाही. दर्दी माणूस उरलेलं मागून घेईल.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सुनीता पुन्हा नईमला. एका ब्लाउजला किती फिटिंग? त्या टेलरची टेप कधी कोणी तपासली आहे का? मी सर्टिफिकेट देतो म्हटलं. नको म्हणाली. घसा बसलाय तिचा, हळद-पाणी घेत होती. टेलरशी इतकं कशाला बोलायचं, असं मी सुचवलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दुपारी १.३०

मोठा विजय. रश्मी मतदान गुप्त घेणार होती. गुप्त म्हटलं की घोटाळा आलाच. मी चार परिच्छेदांची मेल टाकली की मतदान व्हॉट्सॲप ग्रुपवर उघड व्हावं, कोणी कोणाला मत दिलं ते नावासकट दिसावं. विरोध करणाऱ्यांच्या मनात चांदणं आहे, हेही लिहिलं. रश्मीने तीनदा विचारलं, काका, नक्की ना? नक्की म्हणजे नक्की. मान्य झालं.

स्टोअरमधल्या कमालला (हा इथलाच, बहारीनी) आनंदाच्या भरात माझा आलाप ऐकवला. मन लावून ऐकलं. चार मिनिटांनी विचारलं, गाणं कधी सुरू होणार. मी म्हटलं, संपलं. तो म्हणाला, 'खलास?' अरबी संगीताचा माणूस, त्याला वेळ लागणार.

शनिवार, ११ ऑक्टोबर

निहारचं गाणं ग्रुपवर आलं. अभ्यास म्हणून एकोणीस वेळा ऐकलं. चौदा दोष. नुसत्या तालाने पाय हलतो, तो दोष नववा. माझाही हलला, त्यावरून खात्री केली.

पण प्रामाणिकपणे एक नोंद करतो. अंतऱ्यात चाळीस सेकंद एका बाईचा आवाज येतो. बाकी सगळा फटाक्यांचा बाजार आणि मध्येच हा आवाज. एकही हरकत दाखवायला म्हणून नाही. गंधारावर ती थांबते तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला. अंगावर काटा आला.

ग्रुपवर सविस्तर लिहिलं. चौदा दोष मुद्देसूद, आणि शेवटी, 'या गायिकेला अख्खं गाणं द्यायला हवं होतं. जिने हा सूर जपला तिला, आणि तो ज्याने घडवला त्या गुरूला, माझा साष्टांग नमस्कार.' शेहेचाळीस जणांनी हात जोडले. काहींनी हसरे चेहरेही टाकले. सहमतीच ती.

अश्वजितचा फोन. साहेब, आवाज खरंच ओळखला नाही? मी म्हटलं, ओळखला की. कोल्हापूरकडची तालीम, वय तिशीच्या आत, आणि लग्न झालेलं नाही. त्याने 'बरं साहेब' म्हणून फोन ठेवला. माझ्या कानापुढे भले भले गप्प होतात.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज सुनीता कुठे गेली नाही. जेवताना तिने विचारलं, ते गाणं एवढं आवडलं का तुम्हाला. मी म्हटलं, गाणं नाही, तो आवाज. मग त्यावर चाळीस मिनिटं बोललो. तिने सगळं ऐकलं, मध्ये भांडी घासायला उठलीसुद्धा नाही. शेवटी विचारलं, कुठेच चुकलं नाही? मी म्हटलं, नाही, कुठेच नाही.

न मागता एक पोळी वाढली, तूप लावून. माझ्या अभ्यासाचा तिला आदर आहे, बोलून दाखवत नाही एवढंच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. सकाळी ११.२०

निकाल. निहार एकशे एकतीस. दहाव्या नंबरला एका कॉलनीतल्या मुलांची आरती, सहा मतं. मी टॉप टेनमध्ये नाही.

मला दोन मतं. नावं दिसतात (माझीच सूचना). एक माझं. दुसरं निहारचं. त्याने खाली लिहिलंय, 'काका, पेटीसमोर पहिल्यांदा तुम्हीच बसवलंत.' असल्या भिकेची मला गरज नाही.

'फराळ मोड ऑन'ची नावं बघत गेलो. अश्वजित. आर्या. सुनीता.

समितीतले दोन्ही सदस्य फितूर आणि वर घरची. मोबाइल पालथा ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसलो.

त्याच दिवशी. दुपारी २.००

रश्मीने श्रेयनामावली टाकली. गायक निहार. ढोलकी अश्वजित. व्हिडिओ आर्या. अंतरा सुनीता.

रश्मीला फोन केला की ही कोणती सुनीता, आडनाव टाका, उगाच गैरसमज होतात. ती म्हणाली, काका, आपल्या सुनीता काकू.

त्याच दिवशी. ३.१५

पुन्हा ऐकलं. पाच वेळा. पाचव्या वेळी ओळखू आला.

त्याच दिवशी. ५.००

आर्याला विचारलं. तिने पहिल्यांदा इंग्रजीत सांगितलं, मग माझा चेहरा बघून मराठीत. नईमला टेलरच्या वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंगची खोली आहे. निहार लहान असताना मी कामावरून यायच्या आधी तासभर येऊन बसायचा आणि तेव्हा आई त्याला गाणी शिकवायची. 'रे'सुद्धा तिनेच शिकवला. स्पर्धेहून परतल्यावर तो घरी आला आणि काकू, तुम्ही गायचंच, म्हणून हटून बसला. सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून सगळ्या बहारीनला माहीत होतं.

म्हणजे तो नमस्कार. ते हसरे चेहरे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दिवसभर बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, धनत्रयोदशीची गडबड होती. म्हणून संध्याकाळी मुद्दाम बोललो. बावीस वर्षांच्या संसारात एवढी मोठी गोष्ट लपवलीस, हा सरळसरळ विश्वासघात आहे, असं सुनावलं. मी विरोध केला असता का? उलट मदत केली असती.

सुनीता करंज्यांची पारी लाटत होती. लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली,

"तुम्ही ओळखलं नाहीत तेच बरं झालं. माझा आवाज आहे हे कळलं असतं ना, तर तुम्हाला त्यातसुद्धा चूक सापडली असती."

मग परत लाटायला लागली. उत्तर तयार होतं माझ्याकडे. पण तेवढ्यात चौदा दोषांची यादी आठवली. सगळे निहारच्या ओळींत. तिच्या चाळीस सेकंदांत एकही नाही. तिचं नाव माहीत असतं तर मी किती काढले असते, याचा अंदाज करत बसलो. पुढे गेलो नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

कार्यक्रम. जाणार नव्हतो. पण गाडी मलाच चालवायची होती.

निहारने अंतरा झाल्यावर माइक सुनीताकडेच ठेवला आणि बाजूला झाला. उरलेलं गाणं ती एकटी गायली. मी तिसऱ्या रांगेत. घाबरलेली वाटली नाही. तिचा हात असा तालावर हलतो, हे मला माहीत नव्हतं.

शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, वहिनींना तुम्हीच शिकवलं असेल ना. मी हो म्हणालो. मग दोन ओळींनंतर नाही म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं, लोक टाळ्या वाजवत होते.

परत येताना गाडीत मी म्हटलं, छान झालं. तिने विचारलं, आणि? मी म्हटलं, आणि काही नाही. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचा विश्वास बसला नसावा.

शनिवार, २५ ऑक्टोबर. सकाळी ७.४०

संकल्प : सुनीताच्या गाण्याला पूर्ण प्रोत्साहन. रोज थोडा रियाज घरातच, मोकळेपणाने. मी काहीही बोलणार नाही. आजपासूनच.

७.५५

सुनीता ओट्याशी गुणगुणत होती. काय गात होती ते नीट ऐकावं म्हणून आत गेलो. ती थांबली. काय हवंय, म्हणाली. मी म्हटलं, पाणी. तिने दिलं.

प्यालो. बाहेर येऊन दाराआड दहा मिनिटं उभा राहिलो. पुन्हा सुरू झालं नाही.