खण बदलले तेव्हा

१२ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आज दुकान नऊला उघडलं. दुपारपर्यंत सात गिऱ्हाइकं आली. पाच जणांनी बटणं घेतली, दोघं पंख्याखाली उभे राहून गेले. दुपारी डबा खाल्ला. सहाला घरी आलो.

हात सवयीने मायन्यात 'सौ.' लिहून गेला, म्हणून कागद बदलला. दाजी जाऊन तीन महिने झाले तरी हाताला ते कळलेलं नाही.

मालकांच्या मुलीने काउंटरवर यंत्र बसवलंय. कापडाचा तुकडा त्याखाली धरला की जुळत्या रंगाच्या धाग्याचा नंबर दिसतो. ती म्हणाली की काका, आता तुम्हाला डोळे ताणायला नकोत. मी विचारलं की मग डोळ्यांचं करू काय. ती हसली. मी थट्टा केली नव्हती.

दाजींनी एकतीस वर्षांची नोकरी एका दिवसात का सोडली, हे तू मागच्या पत्रात विचारलंस. घरी ते फक्त कंटाळा आला म्हणाले, आणि मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर काउंटरवर होतो. सांगेन, पण आज नको. हे एवढं लिहिताना तीनदा उठलो. एकदा नळ बघायला, दोनदा कशासाठी ते आठवत नाही.

पुढच्या महिन्यात चार दिवस रजा काढून येतो, तेव्हा बोलू. भाचीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो तसाच ठेव.

तुझा
धाकटा


१९ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पाचवीत तू बाबांच्या वहीवर दौत सांडलीस, तेव्हाही असाच इकडचं तिकडचं सांगत बसला होतास. तुझी बटणांची गिऱ्हाइकं घेऊन मी काय करू?

इथे लेक मला कशाला हात लावू देत नाही. भाजी चिरायला घेतली की सुरी काढून घेते. जावईबापू दिवसातून चारदा विचारतात की आई, बरं वाटतंय ना. मी आजारी नाही हे त्यांना कोण सांगणार! दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीशी जाते, आणि डोक्यात एकच. यांना कोणी बोललं का? मालकांनी काढलं का? त्या संध्याकाळी आले ते कपडे न बदलता पलंगावर बसून राहिले. मी तीनदा चहा गरम केला. पुढे जेमतेम चार महिने जगले, आणि त्यातही मी त्यांना म्हणत राहिले की घरात नुसते पायात घोटाळता. ते शब्द आता परत कसे घेऊ रे?

कुणावर रागवायचं ते तरी कळू दे. भेटीपर्यंत थांबवू नकोस.

माया कमी होणार नाही, एवढं धरून चाल.

ताई


२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सुट्टी होती. कुठे गेलो नाही.

दाजींना दोन वर्षं रंग नीट दिसत नव्हते. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, तू आधी तुझे दात दाखव. रिळांचे खण मी लावायचो, आणि कुठल्या खणात कुठला रंग ते त्यांना पाठ होतं. गिऱ्हाइकाने कापड पुढे केलं की मी पलीकडून त्या रंगाचं नाव घेऊन काहीतरी चेष्टा करायचो. ते न बघता हात घालून नेमकं रीळ काढायचे. लोक म्हणायचे, काय नजर आहे!

नोव्हेंबरात एका शनिवारी, दाजी घरी गेल्यावर, मालकांच्या मुलीने मला सगळे खण नंबरांप्रमाणे लावायला सांगितले. हेही म्हणाली की पुढे काउंटरवर दोघं नकोत, एकालाच ठेवू.

सोमवारी माझं उतरलेलं तोंड बघून दाजींनी मला विचारलं की आज एरंडेल प्यायलास की काय. मी खण बदलल्याचं सांगितलं नाही. विसरलो नव्हतो, ताई. तोंडाशी आलं होतं. मी माळ्यावर जाऊन लेसची बंडलं आवरत बसलो.

खाली आलो तर कोपऱ्यावरचे शिंपीबुवा उभे. नेहमीसारखा ओरडलो की बुवा, दरवेळी राखाडीच का, बाकीचे रंग संपले काय. दाजींनी मान वर न करता हात घातला आणि गुलाबी रीळ पुढे ठेवलं. सगळे हसले. दाजीही हसले, कशाला ते न कळता. शिंपीबुवा म्हणाले की गंमत पुरे, आता खरं द्या. दाजींनी तेच रीळ आणखी पुढे सरकवलं. मग कोणी हसलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रंगांचं कार्ड उघडून त्यात डोकं घातलं. त्यांनी डबा उचलला आणि निघाले.

मालकांनी काढलं नाही. कोणी बोललं नाही. रागवायचं असेल तर पत्ता तुझ्याकडे आहे.

धाकटा


६ जुलै

चि. धाकट्यास,

पत्र दोनदा वाचलं. लेकीला दाखवलं नाही.

त्यांच्या डोळ्यांचं मला ठाऊक होतं. मी त्यांच्या मोज्यांच्या जोड्या गाठ मारून ठेवायची. तेव्हा लपवण्यावरून तुला बोलायला मला जागा नाही. पण त्यानंतर दर रविवारी तू त्यांच्या समोर बसून जेवलास. भाजी दोनदा मागून घेतलीस. त्यांना ठाऊक होतं का रे, खण तू मुद्दाम सांगितले नाहीस ते? असेल, तर तू माझा भाऊ म्हणून ते शेवटपर्यंत गप्प राहिले. मला तेवढं जमेल असं आज वाटत नाही.

या महिन्यात येऊ नकोस. कधी यायचं ते मी कळवीन. पत्र लिहीत जा, माझं उत्तर आलं नाही तरी.

तब्येतीला जप. आज यापुढे हात चालत नाही.

ताई


१४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज मालकांच्या मुलीने बोलावून सांगितलं की ऑगस्टपासून काउंटरवर माणूस लागणार नाही, काका, तुम्ही मागच्या खोलीत पार्सलं बांधा. मी बरं म्हटलं. एकाची जागा होती, ती कोणाचीच राहिली नाही.

तू विचारलंस. त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच रविवारी तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा म्हणाले की खण चांगले लावलेस हो, आता मला ते पाठ व्हायचे नाहीत. तू तांब्या घेऊन आलीस, आणि त्यांनी मला जेवायला बस म्हटलं.

येत नाही. तू कळवशील तेव्हाच येईन. रजा मंजूर झाली आहे, ती परत केली नाही, चार दिवस घरीच असेन. पिशवी कालच, तुझं पत्र यायच्या आधी, भरून दाराशी ठेवली होती. आता ती रिकामी करतो आणि सदरे कपाटात परत ठेवतो.

धाकटा